बाई कशानं गेल्या?

आमच्या कामात किस्से फार साठतात. फॉर्मच्या रकान्यात जे बसतं ते ऑफिसात जातं, कॉम्प्युटरवर चढतं, नकाशावर रंग होऊन उमटतं. जे बसत नाही ते माझ्यासोबत घरी येतं! मग भाकरी थापता थापता मी एकटीच हसते, नाहीतर एकटीच गप्प होते. नवरा म्हणतो, "मरणाच्या सर्व्हेत हसण्यासारखं काय असतं गं?" आता त्याला काय सांगू!

काम असं आहे. धाराशिव जिल्ह्यात गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या बायका वारल्या, त्यांच्या घरी जायचं आणि काय झालं होतं ते घरच्यांना विचारायचं. कारणं सगळीच लिहायची, पण मुख्य शोध स्तनाच्या कॅन्सरचा. कुठल्या भागात जास्त बायका त्यानं जातात, कुठं कमी, पूर्वीपेक्षा वाढलंय का, आणि असं का.

टीम चौघांची. डॉक्टर मॅडम नागपूरच्या, वयानं माझ्यापेक्षा लहान, पण प्रत्येक गोष्टीला "असं का?" विचारायची खोड. शोभाताई रिटायर्ड नर्स, पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या. जीप चालवायला उस्मानचाचा. आणि मी, फॉर्म भरणारी.

* * *

पहिल्याच दिवशी ईट नावाच्या गावाला गेलो. ओसरीवर सत्तरीचे एक आबा बसले होते. त्यांच्या मालकीणबाई वर्षापूर्वी वारलेल्या. मी नवीन. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं अदबीनं विचारलं, "आबा, मामी कशानं गेल्या?"

आबा म्हणाले, "एसटीनं."

मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मोठ्यानं विचारलं, "कशानं गेल्या म्हणते मी!"

"तेच सांगायलोय की. जाताना एसटीनं गेली, खिडकीपाशी बसून. येताना गाडीत आडवी आणली."

माझं पेन जागीच थांबलं. शोभाताईंनी मात्र शांतपणे विचारलं, "मधी किती दिवस गेले, आबा?"

"नऊ."

"आणि गाठ कधीपासून होती?"

"ते म्हणाल तर, नातीच्या बारशाच्या आधीपासून." मागं दारात ती नात उभी होती. शाळेच्या ड्रेसमध्ये!

त्या संध्याकाळी मॅडमनी फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवल्या. दवाखान्यात कशानं नेलं, आणि किती उशिरा. आबांचं उत्तर बरोबरच होतं, आमचा प्रश्न अर्धा होता.

* * *

एका गावात एक सर भेटले. त्यांच्या आई वारल्या होत्या. नोंद होती 'छातीचा आजार'. सर म्हणाले, "हार्टच होतं, मॅडम. लिहून टाका."

मी लिहायला घेतलं. शोभाताई म्हणाल्या, "थांब गं. सर, दुखणं आत होतं का वर?"

सर पंख्याकडे बघत म्हणाले, "वर."

"डावीकडं का उजवीकडं?"

"उजवीकडं."

"तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"विज्ञान."

"मग हार्ट उजवीकडं कधीपासून आलं वो, सर?"

मला हसू आवरेना, पण सरांकडे पाहिलं आणि आवरलं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "आईचं कसं सांगायचं, ताई? तो शब्द तोंडातून निघत न्हाय."

त्या आठवड्यात 'छातीचा आजार' लिहिलेले सगळे फॉर्म आम्ही परत काढले आणि त्या घरी दुसऱ्यांदा गेलो. कितीतरी बायका हार्टच्या गठ्ठ्यातून उठून इकडच्या गठ्ठ्यात आल्या. मी वहीच्या शेवटच्या पानावर शब्द लिहायला लागले. अंगावरची गाठ. दुधाची गाठ. पदराखालचं दुखणं. एका भावानं तर नुसतं "बायकांचं" एवढंच सांगितलं होतं.

* * *

मॅडमनी जुन्या नोंदींवरून एक नकाशा केला होता. जिथं मृत्यू जास्त तिथं रंग गडद. त्यात एक गाव पांढरं स्वच्छ! आजूबाजूला सगळीकडं रंग, आणि हे मधोमध कोरं. गावाचं नाव नाही सांगत.

"असं का?" मॅडम म्हणाल्या.

शोभाताई म्हणाल्या, "तिकडच्या बायका कारळाची चटणी लई खातात." चाचा म्हणाले, "पानी का असर है, मॅडम. उस कुवेंका पानी एकदम मीठा." मी आपली ज्वारीच्या भाकरीवर अडून बसले.

गेलो त्या गावाला. सरपंचांनी छाती फुगवून सांगितलं, "आमच्या गावात हा रोगच न्हाय, मॅडम! हवापाणीच तसं हाय." मॅडमनी खरंच विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. तपासायला!

सरपंचांच्या चुलती चहा घेऊन आल्या. साठीच्या असतील. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "हितं कुणी मरतच न्हाय बगा."

सरपंच खुलले. "सांगतोय काय मग!"

"सोलापूरला मरत्यात," चुलती म्हणाल्या. आणि बोटांवर मोजत त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला.

परत येताना मॅडमनी मला समजावलं. माणूस जिथं जातं तिथं मरणाची नोंद होते. शहरातल्या दवाखान्यात गेलं की शहरात नोंद. गावाचं पान कोरं! बाटली सीटवर तशीच पडली होती. चढाला गाडी तापली तेव्हा चाचांनी ती उचलली आणि रेडिएटरमध्ये ओतली.

* * *

जळकोटच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. हायवेलगत घर, ट्रक गेला की भांडी वाजायची. त्यांची सून गाठीनं गेली होती. आजी म्हणाल्या, "हे कॅन्सर-बिन्सर आमच्या येळंला न्हवतं. हायब्रीड आलं, खतं आली, त्येच्या मागं हे आलं."

हे वाक्य आम्ही प्रत्येक गावात ऐकलंय. मी मान हलवून पुढं निघाले होते, पण मॅडम पुटपुटल्या, "असं का?"

शोभाताईंनी विचारलं, "आजी, तुमच्या सासूबाईंना काय झालं होतं?"

"तिला करट झाल्तं. हितं." आजींनी पदरावरून हात फिरवला. "वरीसभर वाहत होतं. लिंबाचा पाला बांधायचो आमी. त्यातच गेली."

"आणि त्यांच्या जावा?"

"धाकली बाळंतपणात गेली. थोरलीला बी तसंच करट..." आजी थांबल्या. बाहेरून दोन ट्रक गेले, भांडी वाजून थांबली. मग हळू म्हणाल्या, "म्हंजी तवा बी होतं? निस्तं नाव न्हवतं?"

खरं सांगायचं तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. पाला काढून कोण बघणार आता?

आजींनीच निकाल दिला. "मंग लिव्हा. माझ्या सासूचं बी लिव्हा."

मी म्हणाले, "आजी, इतकं जुनं चालत नाही. दोन-तीन वर्षांतलंच पाहिजे."

"कामून? ती मेली न्हवं?"

मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. काशीबाई. वय माहीत नाही. साल माहीत नाही. पाला बांधला.

ऑफिसातून नंतर विचारणा आली की हे कुठल्या रकान्यात टाकायचं. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या तिथंच."

* * *

ढोकीला साखर कारखान्याच्या बाजूच्या एका वस्तीत बायका जमवल्या होत्या. मॅडम समजावून सांगत होत्या. शहरात हा आजार जास्त जणींना होतो, पण लवकर कळतो, म्हणून वाचतात जास्त. खेड्यात होतो कमी जणींना, पण ज्यांना होतो त्यातल्या बऱ्याच जातात.

मागं एक बारावी शिकलेली सून बसली होती. तिनं हात वर केला. "मॅडम, बाई ढोकीची, गाठ पुण्यात निघाली, आन् वारली लातुरात. तर ती कुठली मोजायची?"

मॅडम एकदम खूश! म्हणाल्या, "हाच तर प्रश्न आहे! आम्ही राहत्या गावात मोजतो."

"मंग ह्यो रोग वाढलाय का, नोंदच वाढलीय?"

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही असावं. पण किती काय, ते मला माहीत नाही. तेच शोधायला आलेय."

पुढं बसलेल्या एका मावशींनी हनुवटीवर हात ठेवला. "म्हंजी तुमाला बी ठावं न्हाय?"

"नाही, मावशी."

मावशी आत वळून ओरडल्या, "अगं, च्या ठिवा! ठावं न्हाय म्हणणारी डॉक्टर पहिल्यांदाच बघायलेय!"

त्या दिवशी ज्या बायका तोंड उघडत नव्हत्या त्याही बोलल्या. चहा तीनदा झाला.

* * *

भूमकडच्या एका वस्तीवर दिवाळीच्या तोंडावर गेलो होतो. ऊसतोडीला जायच्या गडबडीत सगळे. ट्रकमध्ये भांडी, सरपण, कोंबड्या. आम्ही एका वारलेल्या बाईच्या घरचा फॉर्म भरत होतो, तेवढ्यात शेजारच्या रुक्मिणीनं शोभाताईंना दाराआड बोलावलं. पस्तिशीची, हसरी. शोभाताई बाहेर आल्या त्या गंभीर होऊनच.

"आजच चल माझ्यासंगं," त्या म्हणाल्या.

"पट्टा पडला की दाखवते, ताई," रुक्मिणी म्हणाली. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. म्हणजे पाच-सहा महिने!

"अगं, गाठीला ठावं हाय का पट्टा कवा पडतो?"

रुक्मिणी खळखळून हसली, ट्रकमध्ये चढली आणि गेली. शोभाताई धुरळा बसेपर्यंत उभ्या. जीपमध्ये बसल्यावर मला म्हणाल्या, "पस्तीस वर्षं नोकरी केली, पण एका बाईला ट्रकमधून खाली उतरवता आलं न्हाय."

पण आपला फोन नंबर त्यांनी तिला दिला होता. संक्रांत झाल्यावर एक दिवस फोन आला. "ताई, मधीच आलेय. गाठीनं काय ऐकलं न्हाय माझं."

ऑपरेशन झालं, आता औषधं चालू आहेत. आम्ही भेटायला गेलो तर डोक्यावर घट्ट पदर. केस सगळे गेलेले. मी उगाच म्हणाले, "येतील परत."

जणू मी पुण्याहून आलेय असं माझ्याकडं बघून रुक्मिणी म्हणाली, "येतील न्हाय तर काय! ऊस तोडला तरी बुडका ऱ्हायला की खोडवा फुटून येतोच की!"

* * *

आम्ही घरात बायकांशी बोलायचो, तेव्हा उस्मानचाचा बाहेर पुरुषांत बसायचे. तंबाखू मळत. आम्हाला वाटायचं, वेळ घालवतात. एक दिवस जीप चालू न करताच ते मागं वळले. "मॅडम, एक सवाल डालो फॉर्म में. मरदकू कब मालूम पडा?"

"असं का, चाचा?"

"आज का वो आदमी बोला, डॉक्टर पूछा कबसे है, तो औरत बोली दो साल से. बोला, मेरेकू बी वहींच मालूम पडा."

मॅडमनी तो प्रश्न घातला. पुढं महिनाभर मी तो विचारत होते आणि पुरुष जमिनीकडं बघत होते.

ज्या दिवशी चाचांनी प्रश्न सुचवला, त्याच दिवशी त्यांनी जीप बाभळीखाली लावली आणि घरी फोन लावला. आमच्यासमोरच! "सुनो, तुमकू कुछ तकलीफ तो नहीं ना? गाठ-बिठ?"

फोन एवढा मोठ्यानं होता की चाचींचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "चालीस साल में पहली बार पूछ रहे! तुमकूच बुखार आया क्या जी?"

चाचा लाजले. पण दुसऱ्या दिवशी चाचींना घेऊन शोभाताईंकडं आले. काही निघालं नाही. चाचांनी आम्हाला पेढे दिले आणि कशाचे ते सांगितलंच नाही.

* * *

आता शेवटचा.

भूम तालुक्यातलंच एक गाव. तिकडं म्हशी भरपूर, खव्याच्या भट्ट्या, गल्लीत शिरलं की आटलेल्या दुधाचा वास. यादीत नाव होतं सुमनबाई, वय अठ्ठेचाळीस. मी कडी वाजवली. दार एका बाईंनी उघडलं. शेणाचे हात, कपाळावर घाम.

मी आवाज खाली आणून म्हणाले, "सुमनबाई वारल्या त्यांच्याबद्दल विचारायचं होतं."

बाई म्हणाल्या, "म्या? म्या कवा मेले?"

माझ्या हातून फॉर्म पडला! मॅडम पुढं होऊन माफी मागायला लागल्या. बाई मात्र हसतच सुटल्या. "मेलेली सुमन समोरच्या घरातली. म्या ऱ्हायलेली सुमन. या, हात धुते."

त्या स्वतःच आम्हाला समोरच्या घरी घेऊन गेल्या. गेलेल्या सुमनबाईंचे मालक खाली बसले होते. आम्ही विचारू त्याला ते एकच सांगत, "मला न्हाय सांगता येणार. हिला इचारा. ह्या दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या ह्या गल्लीत."

मग राहिलेल्या सुमनबाईंनीच फॉर्म भरून दिला. गाठ कधी लागली, कुठल्या बाजूला, केवढी. त्यांना सगळं ठाऊक होतं. मॅडमनी विचारलं, "इतकं बारीक कसं आठवतं, बाई?"

"माझी बी त्याच साली निघाली न्हवं." त्यांनी अगदी सहज सांगितलं. "गोठ्यामागं बसून आमी दोघी एकमेकींची बघायचो. तिची हरभऱ्याएवढी, माझी बोराएवढी. माझीच मोठी होती. म्या सोलापूरला गेले, दीड महिना ऱ्हायले, कापून आले. ती म्हणली, तू ये जाऊन, मंग म्या जाते."

मालक उठून बाहेर गेले.

मॅडम वही बंद करायला तयार नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न मला दिसत होता. एक गल्ली, एक वय, एक पाणी, एकच भाकरी. दोन्ही घरची जमीन सारखी, शिक्षण सारखं. लेकरं दोघींना तीन-तीन, आणि अंगावर पाजलेली. आमच्या फॉर्मच्या सगळ्या रकान्यांत दोघींचं उत्तर एकच येत होतं.

शेवटी मॅडमनी विचारलंच, "बाई, तुम्ही गेलात, त्या का नाही गेल्या? तुमच्या दोघींत फरक काय होता?"

सुमनबाईंनी गोठ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "माझी म्हैस तवा आटलेली होती. तिची दुभती होती, आन् तिच्याबिगर कुणाच्या हाताला पान्हा सोडत न्हवती."